चेष्टा केली त्याने

ब्रह्मा घाट, कार्तिक वद्य पंचमी, १९९८

वेदपाठशाळा सोडून पुण्याला पळालेल्या आमच्या मधूची लांब पल्ल्याची मोटरसायकल शर्यत आजही सायबर कॅफेत पाहिली. पाहिली कसली, पडद्यावर नुसती नावं. मधूच्या नावापुढे आज ‘बाद’.

कॅफेवाला हळहळला, “पंडितजी, लड़के ने चेष्टा तो की!”

आमच्या काशीच्या मराठीतही चेष्टा म्हणजे प्रयत्नच. घरी येऊन हिला तसंच सांगितलं, “पोरगा बाद झाला. पण चेष्टा केली हो त्याने.”

ही साताऱ्याची. तिला थट्टाच ऐकू आली. “केलीच,” म्हणाली, “तुमची, माझी, साऱ्या घराण्याची.”

अगं, प्रयत्न केला, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. का? तिचाच अर्थ बरा वाटला. संध्येला बसलो, तरी तोच बरा वाटत होता.