विरोधाची खुर्ची आणि तुमचा फ्रेंच पक्ष

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला उद्देशून एक ओळही लिहिली नाही. आज लिहितेय, कारण रविवारी आपलं छोटं मराठी मंडळ बर्मिंगहॅममधल्या मोठ्या मंडळात विलीन होणार आहे, आणि संजयकाका सगळ्यांना सांगत सुटलेत की ही तुमची शेवटची इच्छा होती.

मला ते पटत नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळ समोर मांडलेला असताना, फ्रान्समधल्या एका संपलेल्या उदारमतवादी पक्षाचा इतिहास सांगणाऱ्या माणसाची ही इच्छा? हॉस्पिटलच्या ड्युटीला जाता-येता गाडीत लाँगवेव्हवर फ्रेंच रेडिओ ऐकून तुम्ही तो जमवला होता. जुन्या पक्षाने नव्वदच्या दशकात नवं नाव घेतलं. मग स्वतःचा आवाज हवा म्हणून तो ज्या आघाडीत होता, तिच्यातून बाहेर पडला. पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतं तुटपुंजी मिळाली आणि त्याच वर्षी तो जिंकलेल्यांच्या नव्या, मोठ्या पक्षात मिसळून गेला.

"डॉक्टर, त्यांचं सरकार येईपर्यंत चकल्या मऊ पडतील हो!" संजयकाका मागून ओरडले.

तुम्ही हसलात, पण थांबला नाहीत. "आत जाऊन आपले विचार पसरवू, असं म्हणून गेले ते. आता मी रोज रेडिओ लावतो. त्यातला त्यांचा आवाज कोणता, तेच कळत नाही."

पुढच्या सभेला तुम्ही ती लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणलीत. दर सभेला पाळीपाळीने एकाने तिच्यावर बसायचं आणि एका तरी ठरावाला विरोध करायचा. पटत असला तरी! आईने साबुदाण्याच्या खिचडीला केलेला विरोध आठवतो? खिचडी तिनेच करायची होती.

मी पुलांची तपासणी करते, बाबा. पूल भक्कम आहे असं कुणी सांगितलं म्हणून मी सही करत नाही. म्हणून काकांना विचारलं, "बाबा नक्की काय म्हणाले? शब्द सांगा."

"अगं, मी वॉर्डात विलीनीकरणाचं सगळं समजावलं. ते म्हणाले, चालेल."

चालेल! त्या आठवड्यात तुम्ही आणखी कशाला 'चालेल' म्हणाला नव्हतात? बेचव सूपला म्हणालात. नर्सने खिडकी बंद केली, तेव्हा म्हणालात. मी "आता निघते, उद्या येते" म्हटलं, तेव्हाही तेच. तो उद्या आला नाही. त्या एका शब्दावर मंडळ विसर्जित करायचं?

पण संशय फक्त काकांवर नाही, तुमच्यावरही आहे. थकून तुम्ही खरंच होकार दिला असेल तर? एवढी वर्षं त्या फ्रेंच लोकांना नावं ठेवलीत आणि शेवटी त्यांच्याच वाटेने गेलात? मला का नाही सांगितलंत? मी रोज येत होते ना?

हे मला कधीच कळणार नाही. हेच सगळ्यात जास्त खुपतं.

काल काकांचा पुन्हा फोन आला. आवाज फारच गोड. "रविवारी ती खुर्ची नको हं आणूस. सगळ्यांचं एकमत आहे. एकमत हीच डॉक्टरांना श्रद्धांजली."

खुर्ची नको? विलीन होणं इतकं योग्य असेल, तर एका प्लॅस्टिकच्या खुर्चीची भीती कशाला?

खुर्ची अजून तुमच्या गाडीच्या डिकीतच आहे. आज ती पुसून ठेवली. रविवारी मी ती हॉलमध्ये पहिल्या रांगेसमोर मांडणार आहे, आणि तिच्यावर मीच बसणार आहे. ठराव कदाचित मंजूर होईल. पण एकमताने होणार नाही, हे वचन देते. तुम्ही तो 'चालेल' मनापासून म्हणाला असाल, तर माझा विरोध तुम्हालाही आहे, असं समजा.

अजून न पटलेली,
तुमची मृण्मयी