जगदीशच्या खात्यातले वीस रुपये

३ नोव्हेंबर, सोमवार

बँकेतून बोलावणं आलं. कंपनीत खाडा केला, शहापूरला गेले. साहेबांनी चक्क चहा मागवला! एवढे दिवस बाहेरच्या बाकड्यावर बसवत होते.

तडजोड म्हणे. जगदीशचं खातं झिरो बॅलन्सचं, तरी ‘किमान शिल्लक नाही’ म्हणून जे कापत राहिले ते सगळं परत. वर पन्नास हजार. मी फक्त लिहून द्यायचं – तक्रार मागे घेतली, आणि खात्यात पैसे ठेवायची जबाबदारी खातेदाराची होती.

खातेदार! माणसाचं नावसुद्धा नाही घेतलं.

४ नोव्हेंबर

पुन्हा तेच डोक्यात. त्या मे महिन्यात बँकेनं खातं कोरडं केलं, म्हणून अपघात विम्याचे वर्षाचे वीस रुपये कापले गेले नाहीत. विमा बंद पडला. जूनमध्ये विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून जगदीश गेला. विमावाले म्हणाले, हप्ताच नाही.

गावात अजून बोलतात – ‘वीस रुपये भराया नको व्हते का हिच्या नवऱ्यानं?’ ठेवले होते हो त्यानं! मला सांगून ठेवले होते. ‘मीना, खात्यात टाकलेत गो, काळजी नको.’

आणि आता मीच लिहून देऊ, की चूक त्याची?

८ नोव्हेंबर

भाविकाचा फोन. ती मुरबाडला वकिलाकडे काम करते, तक्रार तिनंच लिहून दिली होती. ‘ताई, सही करू नको. ग्राहक कोर्टात जाऊ, आपली बाजू पक्की आहे.’ किती दिवस लागतील विचारलं. म्हणाली, ‘वर्ष... दोन वर्षं. बँक वरच्या कोर्टात गेली तर आणखी.’

बाबा खळ्यावर भात झोडत होते, सगळं ऐकलं. म्हणाले, ‘घे गो पोरी. तो काय आता येनार नाय.’

जगदीशचे बाबा असं बोलतात! रात्री त्यांचं ताट वाढलं आणि आत निघून गेले.

१२ नोव्हेंबर

कशातच जीव नाही. भात तसंच पडलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तेवढं एक वाक्य काढा, मग सही करते, असं सांगायला गेले होते. बाबा हट्टानं सोबत आले. साहेब म्हणाले, ‘मजकूर वरून ठरलाय. गुरुवारपर्यंत सांगा, नाहीतर हे पण मिळणार नाही.’

उतरताना बँकेच्या पायरीवरून बाबा पडले. मांडीचं हाड मोडलं. शहापूरच्या दवाखान्यात म्हणाले, ठाण्याला न्या.

मी नेलंच कशाला त्यांना? कशाला नेलं!

१६ नोव्हेंबर

ठाणे, दवाखाना. बाबा वेदनेत. डोळे उघडले की एकच – ‘सही केलीस?’ मी म्हटलं, तुम्ही आधी बरे व्हा. ‘कर गो. आटप ते.’

थकलेत ते या सगळ्याला. घरी नेल्यावर यांचं उठवणं-बसवणं मलाच बघायचंय. कंपनी सोडावी लागेल. मग खायचं काय, आणि कोर्टात कोण जाणार?

२० नोव्हेंबर, गुरुवार

केली.

धनेशला, म्हणजे जगदीशच्या चुलतभावाला, बाबांजवळ बसवून गेले. सही करायची तर पूर्ण नाव. मीना जगदीश... तिथं हात थांबला. ‘जबाबदारी खातेदाराची’ याच्या खाली त्याचंच नाव माझ्या हातानं लिहायचं! साहेब म्हणाले, ‘घाई नाही, आरामात.’ लिहिलं.

स्टेशनवर बसून रडले. कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

२२ नोव्हेंबर

बाबांना पेज भरवत होते. म्हणाले, ‘पैशे तुझ्याच खात्यात आले ना? मंग बरं झालं. तुझ्या भावाला फोन केलाय. रविवारी न्यायला येतो तुला. ही केस चालू असती तर तू हितनं हलली नसतीस. तुझं वय हाय का गो असं बसायचं? माझं धनेश बघंल.’

मी सही केली, ती बाबांना घरी नेऊन सांभाळता यावं म्हणून.