पुलावर अडलेला तांदूळ

बाबा, आता साऱ्या देशात एकच कर झाला आहे. एकाच बिलावर दिल्लीचा वाटा आणि मुंबईचा वाटा शेजारी शेजारी छापलेले असतात. परवा किराण्याचं बिल हातात घेऊन मी त्यात आपल्या भंडाऱ्याचा वाटा कुठे दिसतो का ते बघत बसले, आणि तुमची फार आठवण आली. तुम्ही असता तर पहिला प्रश्न तोच केला असता.

तुम्ही नगरपालिकेच्या जकात नाक्यावर मोहरीर. गावात शिरणाऱ्या मालाची पावती फाडायची, हे तुमचं काम. कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की तुमची टपरी. पुढे मी विक्रीकर कार्यालयात लागले तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत, आणि त्याच आठवड्यात आपली भांडणंही सुरू झाली. आपल्याकडची पितळेची भांडी बालाघाटला, रायपूरला जात. परराज्यात गेलेल्या मालावरचा कर दिल्लीच्या कायद्याचा, वसूल करणार आम्ही आणि जमा होणार मुंबईच्या तिजोरीत, हे मी तुम्हाला जेवताना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत होते. तुम्ही घास खाली ठेवलात. "कायदा त्याहिचा, हात तुमचा, पैसा मुंबईचा. मंग भंडाऱ्याच्या नालीले कोन पुसते?" मी म्हटलं, अनुदान येतं की. "येते ना. वरातीमागून घोडं येते तसं." आई हसली आणि मी चिडले. पण पोळ्याच्या आधी झाडूवाल्या बाया नाक्यावर येऊन तुम्हाला आवक कशी आहे ते विचारत, कारण त्यांचा पगार त्याच जकातीतून निघायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कर म्हटला की माझ्यापुढे कलम उभं न राहता आधी माणूस उभा राहतो, ती तुमची शिकवण. तिच्यावर माझी अख्खी नोकरी निभावली.

आज लिहायला बसले ते मात्र माझ्या लग्नातल्या तांदळासाठी. ते माझ्या नोकरीच्याही आधीचं, सत्तरच्या दशकातलं. हळदीच्या दिवशीही तुम्ही सकाळची पाळी सोडली नव्हती. अंगणात मी हळदीच्या पाटावर बसलेली, आणि निरोप आला की सानगडीहून मामा आलाय, पण त्याची गाडी नाक्यावर अडली आहे. गाडीत त्याच्या शेतातला चिन्नोर तांदूळ, पंगतीसाठी आणलेला. रात्रभर बैल हाकत तो आला आणि तुम्ही त्याच्यापुढे पावतीबुक उघडलंत. मामाला वाटलं तुम्ही थट्टा करताय. थट्टा नाही हे कळल्यावर त्याने बैल सोडले आणि गाडीच्या जुवावर बसून राहिला. "भाचीच्या लग्नाच्या तांदरावर जकात भरीन, तं मी मामा कायचा?"

तुम्ही म्हणालात, मी माझ्या खिशातून भरतो. मामा आणखीच पेटला. मामाच्या आहेराचे पैसे मेहुण्याने भरायचे? त्यापेक्षा गाडी सानगडीला परत नेतो म्हणाला. मी पाटावरच रडायला लागले. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामानेच, आणि मामा तर पुलावरूनच उलटा फिरायला निघालेला. आईने तुम्हाला निरोपावर निरोप पाठवले की एवढी एक गाडी सोडा. तुम्ही सोडली नाहीत.

मग मामालाच युक्ती सुचली. डोक्यावरच्या ओझ्याला जकात नव्हती. भाजीवाल्या बायांची ती सवलत. व्यापारी पुलाआधी गाड्या रिकाम्या करून तिचा फायदा घेत, तेव्हा तुम्ही त्यांना झापायचात. मामाने तुमच्याच तोंडावर पोती सोडली, धोतरांत, चादरीत बोचकी बांधली आणि सोबतच्या माणसांच्या डोक्यावर चढवली. नाक्यावर गर्दी जमली. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही विचारलंत, "इकाचा आहे का खायाचा?" मामा म्हणाला, खायचा. "मंग जाऊ द्या. सवलत खानाऱ्यासाठीच आहे."

तेवढ्यात दुपारच्या पाळीचा माणूस आला. त्याच्या हाती सगळं सोपवून तुम्ही मामापुढे येऊन उभे राहिलात. "पावतीबुक देऊन आलो. आता मी पोरीचा बाप आहो. ठेव एक बोचकं माह्या डोक्यावर."

मामा नाही नाही म्हणत होता, पण बोचकं त्याला चढवावंच लागलं. भर बाजारातून तुम्ही दोघं पुढे आणि मागे सानगडीचे लोक, असे आलात. फाटक्या चादरीतून तुमच्या खांद्यावर तांदूळ सांडत होता. मी हळदीच्या अंगाने दारात धावले. मामाने मला बघितलं आणि तुमच्या डोक्यावरचं बोचकं आधी उतरवलं, मग स्वतःचं. दुसऱ्या दिवशी बोहल्याकडे नेताना त्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी फुटली.

बाबा, मी नशीबवान. लोकांना ही गोष्ट मी किती अभिमानाने सांगते, तुम्हाला माहीत नाही. कार्यालयात नवी पोरं रुजू झाली की त्यांना पहिल्यांदा हीच सांगायची. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एवढं लिहून टाकते, कारण ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या जागी मी असते, तर गाडी सोडून दिली असती.