गोलरेषेवर दोन चकत्या

४ फेब्रुवारी २००८, सोमवार

नवा टीव्ही भिंतीवर लागला. रॉयने काल त्याच्यावर फुटबॉलची फायनल बघितली. आज सकाळी बर्फ काढायची गाडी घेऊन कामावर निघताना मला सांगतो - अगं, गवताचं पातं न् पातं दिसत होतं. दिसू दे. मला गवत बघायचं नाही. मला चकती बघायचीय.

तो गेल्यावर आमच्या पोराच्या, काइलच्या, बर्फावरच्या हॉकीच्या फायनलची डीव्हीडी काढली. जुन्या टीव्हीवर काही कळायचं नाही म्हणून इतके दिवस लावली नव्हती. आता खिडकीएवढा पडदा आहे, दूध का दूध होऊन जाऊ दे म्हटलं. लावली - आणि काय? धुकं! पोरांची तोंडं भिजलेल्या साबणासारखी. सगळे आडवे फुगलेले. माझा काइल गोलमध्ये उभा, तो तर पिंप दिसतो.

गोल नव्हता तो. दोन वर्षं ओरडून सांगतेय. चकती रेषेवर थांबली होती, आत गेलीच नव्हती. पण गोलच्या मागे, काचेपलीकडे, गोल झाला की लावायच्या लाल दिव्याचं बटण घेऊन बसला होता आर्नी. माझ्या सख्ख्या बहिणीचा, सिल्वीचा नवरा! आपल्या गावचा, आपल्या घरचा माणूस, आणि बटण दाबलं पलीकडच्या गावच्या पोरांसाठी. हरलो. काइल बर्फावर बसून रडला. अख्ख्या गावासमोर.

त्या दिवसापासून सिल्वीच्या घरी पाऊल टाकलं नाही. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. काय म्हणून जायचं?

७ फेब्रुवारी

हॉटनच्या मोठ्या दुकानात गेले. तिथला ग्लेन म्हणून एक टकल्या आहे, गळ्यात टाय, बोलतो असा की मी काल शाळेत नाव घातलंय. कुठले सिनेमे बघता विचारतो. म्हटलं सिनेमे नाही बघत, एक माणूस खोटारडा आहे ते बघायचंय. 

मग म्हणाला, टीव्हीवर ठिपके खूप, तुमच्या तबकडीत ठिपके कमी. नवा डीव्हीडी प्लेअर घ्या, मधले ठिपके मशीन स्वतः भरतं.

"मनाने भरतं?"

"अंदाजाने, बाई. शेजारचे ठिपके बघून."

म्हणजे मशीनसुद्धा आर्नीसारखंच. बघायचं नाही, अंदाजाने ठोकून द्यायचं.

पण घेतला. वर एक चपटी वायर घ्यायला लावली. म्हणाला, ही एकच वायर लावा, जुन्या रंगीत वायरींना हात लावू नका. आणि टीव्हीवर चित्राची रुंदी बदला, माणसं बारीक होतील. माणसं बारीक करायचं बटण आहे म्हणे. सिल्वीला सांगायला हवं होतं - बोलत असते तर.

८ फेब्रुवारी

माणसं बारीक झाली, हे खरं. तोंडंही ओळखू येतात. काचेमागे आर्नीची टोपी दिसली. नुसती टोपी बघून डोकं फिरलं.

नेमकी त्या जागी आणून थांबवली. चकत्या दोन! एक रेषेच्या आत, एक बाहेर, दोन्ही थरथरतायत. कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. एवढ्याशा बर्फावर दोन चकत्या कुठून आल्या?

रॉय म्हणाला, बरं झालं, तुला एक आणि आर्नीला एक. त्याला जेवण दिलं नाही. स्वतःच उठून मांस-बटाट्याची पॅस्टी गरम करून खाल्ली.

११ फेब्रुवारी

डबा घेऊन परत दुकानात. ग्लेनच्या पुढ्यात आपटला. म्हणे मशीनची चूक नाही. तबकडीवर प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत असतं - एक ओळ सोडून एक. पहिला अर्धा आधीचा, दुसरा अर्धा नंतरचा. चकती जोरात पळत असली की तेवढ्यात पुढे जाते. चांगलं मशीन हे दोन अर्धे नीट जुळवतं, स्वस्तातलं एकावर एक ठेवून मोकळं होतं.

मग हे पहिल्याच दिवशी सांगायला तोंडात काय धरलं होतंस? असं विचारलं. मागे उभी असलेली बाई हसली. तिच्याकडेही बघितलं.

दुसरा घेऊन आले.

१२ फेब्रुवारी

दुसरा त्याहून गाढव. एवढं गुळगुळीत चित्र, एवढं गोड, की थांबवलं की चकतीच गायब! डाग समजून पुसून टाकतो. गोल आहे, काइल आहे, बर्फ आहे, चकती नाही. परत नेला. ग्लेन मला बघून आतल्या खोलीत गेला. मी थांबले. कधीतरी बाहेर यावंच लागतं माणसाला.

म्हणाला थोडे दिवस थांबा. काहीतरी येणार आहे, स्वस्तात.

१३ फेब्रुवारी

काइलचा ग्रीन बेवरून फोन. गोदामात पाळी बदलली म्हणे. रॉयने त्याला सगळं सांगून ठेवलेलं - या माणसाच्या पोटात काही राहत नाही. काइल म्हणतो, आई, सोड ना आता. कोणाला आठवतंय.

मला आठवतंय म्हटलं. तुझ्या मावशीच्या नवऱ्याने तुझं नाक कापलं, तू खेळ सोडलास, गाव सोडलंस, आणि मी सोडून देऊ? गोल नव्हता हा तुझा शब्द खरा होता हे त्याच्या तोंडावर दाखवल्याशिवाय मी मरणार नाही.

 मग म्हणाला कामावर जायचंय. पोरगं मऊ आहे. बापावर गेलंय.

१७ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये कॉफीच्या वेळी सिल्वी काठी टेकत सरळ माझ्या टेबलाशी आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, ऐकलं, मशीनवर मशीन आणतेस माझ्या नवऱ्याला चोर ठरवायला.

चोर नाही, आंधळा, मी म्हटलं. पुढच्या रविवारी दोघं घरी या. पडद्यावर दाखवते.

सगळ्या बायका वेलचीच्या पावाचा घास तोंडात धरून ऐकत होत्या. आर्नी मागे उभा. कपात बघत पुटपुटला, जाऊ दे सिल्वी, दिवा लागला, विषय संपला. सिल्वीने त्याला गप्प केलं.

"नाही संपला. दोन वर्षं हा माणूस सगळ्यांचं ऐकून घेतो आणि घरी येऊन जेवत नाही. आम्ही येऊ, इर्मा. पण गोल निघाला तर तू माझी माफी मागायची."

"आणि नाही निघाला तर हा चर्चमध्ये उभा राहून सांगेल."

बरं, म्हणाली. आर्नीला कोणी विचारलंच नाही.

२१ फेब्रुवारी

ग्लेनचा फोन आला, गेले. एक जाडजूड धूड दाखवलं. नव्या जातीच्या तबकड्यांसाठी निघालेलं, पण ती जातच या आठवड्यात बंद झाली, कंपनीने हात वर केले. आता कवडीमोलाने काढतायत.

म्हटलं मेलेलं मशीन माझ्या गळ्यात मारतोस?

तो म्हणाला, त्याच्या तबकड्या मेल्या, मशीन नाही मेलं. साध्या डीव्हीडीचं चित्र याच्याएवढं चांगलं या दुकानात दुसरं कोणी काढत नाही. अर्धे जुळवण्यात हा वस्ताद आहे. आणि एकेक चित्र पुढे सरकवता येतं, हे बटण. मी स्वतःसाठी एक उचललंय.

पहिल्यांदाच माणसासारखा बोलला. घेतला. सुरू व्हायलाच एवढा वेळ लावतो की तेवढ्यात कॉफी होते.

२३ फेब्रुवारी, शनिवार

उद्यासाठी पाव ओव्हनमध्ये ठेवला. रॉय सौनाची वाफेची खोली तापवायला गेला तेव्हा म्हटलं आधी आपण एकदा बघून घेऊ, नेमकं कुठे थांबवायचं ते.

चित्र - काय सांगू. काइलच्या मुखवट्यावरचा ओरखडासुद्धा दिसतो. बर्फावर स्केटच्या रेघा दिसतात. ग्लेन खरं बोलला होता. एकच चकती. काळी, गोल, स्पष्ट.

एकेक करत पुढे नेलं. चकती रेषेवर. चकती आत. चांगली आत - तिच्या आणि रेषेच्या मध्ये पांढरं बर्फ दिसतंय. नंतर काइलचा तो जाड हातमोजा मागे जातो. गोलच्या आत. चकती ओढून बाहेर आणतो. तिच्यावर आडवा पडतो. नंतर दिवा लागतो. नंतर उठतो, रेफरीकडे बघून मान हलवतो. नाही, नाही, नाही.

अंदाजाने भरलं असेल मशीनने, असं वाटलं. पुन्हा बघितलं. हात कोणी अंदाजाने भरत नाही.

काइलला फोन लावला. बघितलं, एवढंच म्हटलं.  मग म्हणाला, "आई, तू एवढी चिडलीस, मग मला सांगताच येईना."

म्हणजे हेही माझ्याच माथी! फोन ठेवला. रॉय सौनात यायला हाक मारत होता, गेले नाही. पाव करपला.

२४ फेब्रुवारी, रविवार

आले दोघं. म्हटलं मशीन बिघडलंय, दाखवता येणार नाही. पण गोल होता. माझी चूक झाली, सिल्वी.

सिल्वी खुर्चीत बसली आणि रडायला लागली. कसं कळलं, विचारत राहिली. कळलं, एवढंच सांगितलं.

ती तोंड धुवायला आत गेली तेव्हा आर्नी टीव्हीखाली बघत होता. मशीनचा दिवा चालू. बंद करायचं विसरले होते मी.

"बिघडलं ते बरं झालं," तो हळूच म्हणाला. "सतरा वर्षांचं पोर होतं गं ते. चकती आत गेली, दिवा लावला. हाताचं कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

सिल्वीलाही नाही सांगितलं त्याने.