विहीर जैसे थे

४ नोव्हेंबर १९५७
खेडच्या कोर्टात. दत्तूही आला होता, आपला वकील घेऊन. सख्खा चुलतभाऊ, एका ताटात जेवलेला. आज बाकाच्या दुसऱ्या टोकाला. हुकूम झाला, सामाईक विहिरीबाबत स्टेटस क्वो. माझ्या वकीलसाहेबांनी (यापुढे व.सा.) अर्थ सांगितला: "जैसे थे. निकाल लागेपर्यंत त्यानं विहिरीवर पाणी उपसायचं इंजन बसवायचं नाही, तुम्ही त्याची पाण्याची पाळी अडवायची नाही." बरं वाटलं. चाकणला उतरून पेढे घ्यावेत असं मनात आलं. कुणाला वाटणार? घेतले नाहीत.

१७ नोव्हेंबर
विहिरीवरचा रहाट मोडला. एक खांब बुडाशी कुजलाच होता, सकाळी आडवा झाला. दत्तूची बायको कुसुम पाणी ओढत होती, थोडक्यात वाचली. आता दोन्ही घरच्या बायका कठड्यावरून वाकून हातानं दोर ओढतायत. सुताराकडे निघालो. अर्ध्या वाटेत आठवलं, जैसे थे. परत फिरलो.

१९ नोव्हेंबर
शाळेतून रजा टाकून पुन्हा खेड. व.सा.ना विचारलं, खांब बदलू का? चष्मा कपाळावर चढवला. "गुरुजी, स्टेटस क्वो म्हणजे स्टेटस क्वो. एक खिळा ठोकलात तरी समोरचे कोर्टाचा अवमान म्हणून उभं करतील. आपण रीतसर अर्ज देऊ." म्हटलं, अहो, हुकूम झाला तेव्हा रहाट उभा होता, मग जैसे थे म्हणजे उभा रहाट नव्हे का? हसले. "वकिली तुम्ही करता की मी?"
तुम्हीच करा बाबा. अर्जाची तारीख २० डिसेंबर.
परतताना एसटीत दत्तू दोन बाक पुढे, तोही वकिलाकडूनच येत असणार. त्यानं मान वळवली नाही. मीही नाही.

३० नोव्हेंबर
ही बाळंतपणाला माहेरी, त्यामुळे घरचं पाणी आईवर. आज मी दोर धरला तर म्हणते, "सोड आधी. मास्तरानं घागर व्हायली तर गाव हसंल." हसू दे म्हटलं. तर म्हातारीनं घागर उचलून दुसरीकडेच नेऊन ठेवली! कुणाकुणाशी भांडू?
बांधावरची वाळकी बाभूळ तोडून खांब केला. साल काढली, गोठ्यात आडवा टाकलाय. रोवायची छाती होत नाही. दत्तू त्याच दिवशी वकिलाकडे धावेल.

१२ डिसेंबर
शाळेत एका मुलाला बोनाफाईड दिलं. इतकी वर्षं हे दाखले देतोय, शब्दाचा अर्थ कधी विचारला नव्हता. परवा व.सा.नी आमच्या दाव्याचा कागद वाचून दाखवला, त्यात तोच शब्द: इंजन घेण्यामागे दत्तूचा हेतू 'बोनाफाईड' नाही. म्हणजे काय? म्हणाले, "सद्भावनेचा नाही. मनात खोट आहे." मी असं कधी म्हणालो? दत्तूनं इंजन घेतलं ते कांदा जगवायला. मी आडवा आलो ते विहीर आटेल म्हणून. भांडण एवढंच. खाली सही मात्र माझी. वर व.सा. म्हणतात, "असं लिहावंच लागतं."
दिवसभर वर्गात पोरांवर खेकसलो. त्यांचा काय दोष.

२० डिसेंबर
दत्तूचा वकील हजर नाही. व.सा. खुशीत: "आता एक्स पार्टी मागू!" म्हणजे दुसरी बाजू न ऐकता एकतर्फी. मला नको होतं, खांब हवा होता. पण बोलायची वेळच आली नाही, न्यायाधीश रजेवर. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चढलो तर चढलो, आता उतरायची कुठून तेही कुणी सांगेना.

९ जानेवारी १९५८
आई वाकून बादली ओढताना घसरली. कुसुमनं कमरेला मिठी घालून मागे खेचली म्हणून… आईचा हात चांगलाच सोलवटलाय. हळद लावली.
दत्तू पिंपरीच्या कंपनीतून रातपाळी करून आलेला, झोपेतून उठून धावत आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलला.
"आण्णा, खांब का रोवत न्हाईस?"
"तू का नाही रोवत?"
"माझा वकील म्हनतो, हात लावशील तर आत जाशील."
"माझाही तेच म्हणतो."
काय वेडेपणा आहे हा! राग नक्की कुणाचा येतोय तेही कळेना.

२० जानेवारी
न्यायाधीशांची बदली झाली. नवे येईपर्यंत दावा, अर्ज, सगळं 'साइन डाय'. विचारलं, म्हणजे? व.सा. कागद गुंडाळत म्हणाले, "पुढची तारीख न देता तहकूब." मग कधी यायचं? "कळवू."
घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. एका हातानंच थापत होती. "तारीखच न्हाई? मग आता वाट कुनाची बघायची?"


२२ जानेवारी
सकाळी शाळेआधी खांब खांद्यावर टाकून विहिरीवर गेलो. ठरवूनच, होईल ते होवो. पाहतो तर पलीकडे दत्तू उभा. त्याच्या कुंपणाला एक खांब टेकवलेला, सोललेला, माझ्याच मापाचा. लाकूड सुकलेलं होतं, आजकालचं नव्हतं.
"कधीचा आहे?"
"रहाट मोडला त्याच हप्त्यातला. तुला ठावं झालं तर कोर्टात सांगशील, म्हनून घरामागं टाकलावता."
मी खांब खाली ठेवला. खड्डा दोघांच्या मधोमध, कुजक्या लाकडाचा भुगा तसाच.
"लाव हात," मी म्हणालो.
"तू थोरला. आधी तू लाव, मग मी."
"भांडण तुझ्या इंजनाचं. आधी तू."
हललं कुणीच नाही. आई चांगल्या हातानं दोर धरून आमच्याकडे बघत थांबली होती. बादली अर्ध्यावर लोंबत होती.