तिथं पोरी नाहीत काय

मु. वसतिगृह, ता. सालेकसा
४ ऑगस्ट २०१३

ती. सौ. फुलवंता वहिनींस,
ओमेश्वरीचा सा. न. वि. वि.

तुमच्या लोकेंद्रच्या हाती पाठवलेले तांदळाचे पापड पोचले. अर्धे मुलींनीच संपवले, हे दादांना सांगू नका. नाहीतर बहिणीसाठी मागितले की वसतिगृहासाठी, असा वाद काढतील. धानाचा रोवणा आटोपला का? तुमची कंबर कशी आहे? मजूर बायांबरोबर स्वतः चिखलात उतरू नका म्हणून दर वर्षी लिहिते आणि दर वर्षी तुम्ही उतरता.

पत्र लिहिते आहे कारण इथला फोन सरांच्या ऑफिसात आहे आणि मोबाइलला टेकडीवर गेल्याशिवाय आवाज येत नाही. हे बोलणे टेकडीवर उभे राहून करण्यासारखे नाही.

सहावीतली नूतन तुम्हाला आठवत असेल. गेल्या वर्षी आपल्याकडे आली होती आणि म्हशीला गाणे म्हणून दाखवत होती, तीच. इटियाडोह धरणाच्या कालव्याकडचे तिचे गाव. वडील मनिराम दुसऱ्याचे धान बटईने, अर्ध्या वाट्यावर, करतात. शाळा उघडल्यापासून मुलगी गप्प झाली होती. जेवण कमी. गणिताच्या जास्तीच्या तासाचे नाव निघाले की पोट दुखायचे. मी आधी समजले, अभ्यासाचा कंटाळा. पंधरा दिवसांपूर्वी तिचे केस विंचरताना तिनेच सांगितले. थिओडर सर, म्हणजे आमचे अधीक्षक, तिला एकटीला खोलीत बोलावतात आणि नको तसे वागतात. तिने जे सांगितले ते सगळे मी कागदावर उतरवत नाही. तुम्ही समजाल.

वहिनी, हाच माणूस मुलींना पेटीवर गाणी शिकवतो. मी विधवा होऊन माहेरी बसले होते तेव्हा यांच्याच मिशनने मला इथे मुलींना सांभाळायची नोकरी दिली. तरी मिशनच्या मुख्य कार्यालयाला सविस्तर लिहिले. तेथून उत्तर आले की लगेच समिती पाठवतो, तोपर्यंत कोणाशी बोलू नये. नूतनला मी माझ्या खोलीत निजवते. आमच्या देवकाबाई, इथल्या निवृत्त नर्स, दिवसभर तिला डोळ्यांआड होऊ देत नाहीत.

समिती येते आहे म्हटल्यावर जीव थोडा भांड्यात पडला. दादांना सांगायचे की नाही ते तुम्हीच ठरवा. माया आहे ती असू द्या.

तुमची,
ओमेश्वरी

---

मुर्री, गोंदिया
१२ ऑगस्ट २०१३

चि. ओमेश्वरीबाईस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचलं अन् दिवसभर कामात मन लागलं नाही. रोवणा झाला. कंबर माझी हाय, तिची चिंता मी करीन.

तुझ्या दादाले सांगितलं. ते जेवता जेवता उठून गेले. मग आंगणात येऊन म्हणाले की ओमेश्वरीनं लिहून कळवलं हे बरं केलं, पण पोरीच्या मायबापाले कळवलं का? मलेही तेच विचारायचं हाय. तू पत्रात समितीचं लिहिलं, देवकाबाईचं लिहिलं, मनिरामचं काऊन नाही लिहिलं? लेकरू त्यांचं हाय. मिशनले आधी कळलं अन् मायले अजून नाही, हे मले पटलं नाही बाई.

कार्यालयवाल्यांनी कोणाशी बोलू नको म्हटलं, म्हणून तू बोलून नाही राहिली, असंच ना? तू लहानपणापासून अशीच. मास्तरनं बस म्हटलं की उन्हातही बसून राहायची.

नूतनले सांगजो, म्हैस व्याली, रेडकू काळंभोर हाय. तिले पाहाले ये म्हणावं. तू तब्येत सांभाळ. घर तुझं हाय, हे विसरू नको.

तुझी वहिनी,
फुलवंता

---

मु. वसतिगृह
१ सप्टेंबर २०१३

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

समिती येऊन गेली. मिशनचे अध्यक्ष स्वतः होते, सोबत दोन गृहस्थ आणि एक बाई. अध्यक्ष फार मृदू बोलतात. त्यांनी नूतनला ऑफिसात बोलावले. मी सोबत बसू का विचारले तर म्हणाले की बाहेर थांबा, मुलगी तुमच्या तोंडाकडे पाहून बोलेल. ती बाहेर आली तेव्हा मी विचारले, काय झाले? ती म्हणाली की त्यांनी मला सरांना क्षमा करायला सांगितले, मी हो म्हटले, आता मला भूक लागली आहे.

सरांनी समितीपुढे रडून चूक कबूल केली म्हणतात. त्यांना इथून हलवले. शेजारच्या राज्यात मिशनचे दुसरे वसतिगृह आहे, तिकडचा कारभार त्यांच्याकडे दिला. जाण्याच्या दिवशी प्रार्थना झाली, हार घातला, सगळ्या मुलींना ओळीत उभे करून टाळ्या वाजवायला लावल्या. नूतनही ओळीत होती. देवकाबाई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

मनिरामला कळवायचे मी अध्यक्षांजवळ काढले. ते म्हणाले की गरीब माणूस, बातमी गावभर होईल, पोरीचे लग्न अडेल. शिवाय बाहेरची माणसे टपून बसली आहेत. मिशनचे एक प्रकरण हाती लागले की वसतिगृहच बंद पाडतील. मग या डोंगराकडच्या सगळ्या मुली परत गुरांमागे जातील, त्याचे उत्तर तुम्ही देणार का, असे मलाच विचारले.

वहिनी, ते शेवटचे बोलणे खोटे नाही. इथल्या मुली शिकून नर्स झाल्या, मास्तरीण झाल्या, मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो माणूस गेला, हे काय कमी? नूतन काल दोन भाकरी जेवली. तुम्ही रागवाल हे ठाऊक आहे, तरी लिहिले. दादांचा राग निवला की त्यांनाही चार ओळी लिहायला सांगा.

तुमची,
ओमेश्वरी

---

मुर्री
९ सप्टेंबर २०१३

चि. ओमेश्वरीबाईस,
अ. आ. वि. वि.

तुझे दादा लिहीत नाहीत. मीच लिहून राहिली.

मले एकच सांग. ज्या वसतिगृहात त्याले धाडला, तिथं पोरी नाहीत काय?

तू लिहिलं, तो गेला. कुठं गेला? त्याच नोकरीवर गेला, तसल्याच पोरींमधे गेला, अन् हार घालून गेला. तिथल्या बायांले कोणी सांगितलं का की ह्याच्यावर नजर ठेवजा? नाही सांगितलं असेल. तिथं कोणी ओमेश्वरी असेल की नाही, तेही तुले माहीत नाही.

तुझ्या दादानं गोंदियाच्या कोर्टात ओळखीच्या वकिलाले विचारलं, नाव न घेता. वकील म्हणाले की मागच्या वर्षी नवा कायदा आला. लेकरावर असं झालेलं ज्याले ठाऊक हाय त्यानं पोलिसाले सांगितलंच पाहिजे, नाही तर त्याच्यावरही गुन्हा लागते. हे मी तुले भेवाडायले लिहून नाही राहिली. तू भेवानं करशील तर मले बरं नाही वाटणार.

अन् वसतिगृह बंद पडीन म्हणतात, तर ते कोणाच्या करणीनं पडीन? सांगणाऱ्या पोरीच्या का? सालेकशावरून निघजो, इथं उतरजो. लोकेंद्र तुले मनिरामच्या गावाले नेईल. एकटी जाऊ नको. भात तयार ठेवते.

तुझी वहिनी,
फुलवंता

---

मु. वसतिगृह
६ ऑक्टोबर २०१३

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमच्या घरून निघाल्यानंतरचे सांगते. लोकेंद्रने आल्यावर थोडे सांगितले असेलच, पण तो घराबाहेर उभा होता.

मनिराम बांधावर होते. मी सांगितले तेव्हा ते खाली बसले आणि कितीतरी वेळ पाण्यात हात घालून गवत उपटत राहिले. मग म्हणाले की आम्ही तुमच्या भरवशावर पोरगी ठेवली होती बाई. रुख्मा, नूतनची आई, घरात होती. तिने नवऱ्याला एवढेच विचारले की पोलिसात गेलो तर पेपरात नाव येईल का, पुढे हिला कोण करील? मी सांगितले की कायद्याने नाव छापता येत नाही. तिने तोंड फिरवले. पण मनिराम चपला घालून निघाले.

सालेकशाच्या ठाण्यात देवकाबाई नूतनला घेऊन आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. मिशनमध्ये सगळे आयुष्य गेले त्यांचे, पेन्शनही तिथलीच. वाटेत अध्यक्षांचा माणूस त्यांना गाठून म्हणाला की प्रभूच्या घराची अब्रू रस्त्यावर नेऊ नका. त्यावर त्या म्हणाल्या की प्रभूला पोलिसांचे भय नाही, भय असलेच तर कार्यालयाला आहे. जबाब घ्यायला बाई अधिकारी होत्या. त्या साध्या साडीत आल्या, नूतनला आई जवळ हवी का विचारले. नूतन म्हणाली की आई आली नाही, ओमेश्वरीबाई चालतील. या वेळी मी आत बसले. ती मध्ये थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा सांगायची. शेवटी तिने विचारले की आता मी केलेली क्षमा रद्द होईल का? त्या बाईंनी लिहिणे थांबवले आणि म्हणाल्या की क्षमा तुझी आहे, ठेव नाहीतर परत घे. गुन्ह्याचे आम्ही पाहतो.

बातमी फुटलीच. दोन दिवसांनी गोंदियाचे पुढारी भैयाजी जीप भरून माणसे घेऊन फाटकापाशी आले. मोर्चा काढू, मिशन हटवू, पोरीला स्टेजवर आणा म्हणाले. मी फाटक उघडले नाही. देवकाबाई आणि मी आतून सांगितले की एका माणसावर तक्रार दिली आहे, मुलींच्या घरावर नाही. स्टेजवर कोणी येणार नाही. ते मला मिशनची चमची म्हणाले. त्याच संध्याकाळी मिशनचे पत्र आले की शिस्तभंगामुळे माझी सेवा संपली, महिनाअखेरपर्यंत खोली सोडावी. एका दिवसात दोन्हीकडून हाकलले गेले. हसू नका.

थिओडरला पोलिसांनी तिकडच्या वसतिगृहातून पकडून आणले. तो तिथे पेटी शिकवत होता.

नूतन गावी जायचे म्हणत नाही आणि इथेही राहायचे म्हणत नाही. तिला तुमच्याकडे ठेवून तिथल्या शाळेत घालता येईल का, दादांना विचारून कळवाल का? संकोच होतो, पण तुमच्यावाचून कोणाला विचारू?

तुमची,
ओमेश्वरी

---

देवरी
११ ऑक्टोबर २०१५

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तुम्ही रडत होता आणि मीही, त्यामुळे बोलणे झालेच नाही. म्हणून हे पत्र. माझी इथली सरकारी वसतिगृहाची नोकरी बरी चालली आहे. मुली वांड आहेत, त्यामुळे करमते.

निकालाचे तुम्हाला कळले. त्याला मोठी शिक्षा झाली. कोर्टात दार बंद करून साक्षी झाल्या, त्यामुळे तुम्ही बाहेरच होता. पण एक गोष्ट आत निघाली. आमच्याकडे येण्याआधी तो ज्या वसतिगृहात होता, तिथेही एका मुलीने सांगितले होते. तिथेही समिती बसली, प्रार्थना झाली आणि त्याला हार घालून आमच्याकडे पाठवले. म्हणजे वहिनी, तुम्ही जो प्रश्न मला विचारला, तो आमच्या मुलींच्या वेळी कोणी कोणाला विचारलाच नव्हता. आमच्याकडून त्याला जिथे पाठवले, तिथल्या दोन मुलींनीही आता तोंड उघडले आहे, त्यांची केस वेगळी चालेल. अध्यक्षांवर माहिती लपवल्याचा गुन्हा आहे. ते पायउतार झाले.

वसतिगृह बंद पडले नाही. बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या, पण बाकीच्या आहेत. नवीन अध्यक्ष बाई मला भेटायला इथवर आल्या होत्या. आता तक्रार आली की आधी पोलीस आणि पालक, समिती नंतर, असा नियम केला म्हणाल्या. मला परत येण्याचे विचारले. मी नाही म्हटले. राग नाही, पण त्या फाटकातून पाय आत जात नाही.

दिवाळीनंतर नूतनला मंडईच्या जत्रेसाठी गावी पाठवाल ना? तुमच्याकडे राहायला आल्यापासून दोन वर्षांत ती आईकडे चार दिवसही टिकून राहिली नाही. तुम्ही सोबत जा. दादांना नमस्कार. लोभ आहे, तो वाढता असावा असे लिहायची रीत आहे, पण तुमचा आता आणखी कुठे वाढणार?

तुमची,
ओमेश्वरी

---

मुर्री
२२ नोव्हेंबर २०१५

चि. ओमेश्वरीबाईस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मंडई पाहून कालच आलो. रातभर दंडारीचं नाटक होतं, तुझे दादा पहिल्या रांगेत बसून झोपले अन् सकाळीच घरी परतले.

नूतन जायले तयार नव्हती. मोटारीत माझा पदर धरून बसली होती. आठवीतली घोडी, पण धरून बसली. रुख्मानं जेवू घातलं, पण मायलेकी एकमेकींकडे पाहून नाही राहिल्या. मी मनात म्हटलं, कायले आणलं हिले?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दुकानांकडे गेलो. बांगड्यांच्या दुकानावर गावच्या चार बाया होत्या. त्यातली पुष्पाबाई, तिले सगळं ठाऊक हाय, तरी मुद्दाम नूतनले विचारते, काऊन गं, मिशनची चांगली शाळा काऊन सोडली? नूतनची मान खाली गेली. मी तोंड उघडणारच होती.

पण रुख्मा बोलली. आवाज मोठा नाही केला. हातातल्या बांगड्या दुकानदारापुढं ठेवल्या अन् म्हणाली की माझ्या पोरीनं कोणाचं काही नाही चोरलं. ज्यानं वाईट केलं तो जेलात बसला हाय, अन् त्याले माझ्या पोरीनं बसवलं. विचारायचं असेल तर मले विचार, तिले नको. मग तिनं पोरीचा हात वढला अन् म्हणाली, पाह्य, हिरव्या घेतं का लाल?

नूतननं लाल घेतल्या. दुकानदार बांगड्या भरेपर्यंत मायनं तिचा हात सोडला नाही.

संध्याकाळी मोटार आली तेव्हा मी नूतनले म्हटलं, चाल बाई, शाळा हाय. ती म्हणाली की मोठी माय, तुम्ही जा, मी सोमवारी येतो, मायजवळ राहतो. मी एकटीच मोटारीत बसली.

घर रिकामं वाटून राहिलं. तू सुटी काढून ये.

तुझी वहिनी,
फुलवंता