पाहणारा : एक

५ जानेवारी, रविवार

सामान लागलं. नाशिक रोडची ही जागा मला पाहताक्षणीच आवडली होती. आज बिनपडद्यांच्या खिडक्यांतून ऊन थेट पलंगापर्यंत आलं, तेव्हा आणखी आवडली. दुसरा मजला, फ्लॅट सात. द्राक्षबागांची माती-पाणी तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेची गाडी कोपऱ्यावरच थांबते.

समोरच्या मालिनीताई चहा घेऊन आल्या. निवृत्त शिक्षिका. पाच मिनिटांत त्यांनी माझं गाव, वय आणि घटस्फोट काढून घेतला आणि बदल्यात वायफायचा पासवर्ड दिला. या जिन्यात एकाच वायफायवर चार घरं चालतात. वेगळं कनेक्शन घेतलंत तर लोक शिष्ट म्हणतील, असं त्यांनी बजावलं.

एकोणीसला माझी मुलगी सई येणार. तेरा वर्षांची आहे. तिचा मामा दीपक चांदवडला जाताना तिला सोडेल, संध्याकाळी परत नेईल. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिची आई स्नेहल तिला एकटीला माझ्याकडे पाठवते आहे.

सईचा जुना हातातला गेम माझ्याकडे राहिला आहे. दोन पडद्यांचा, घडी होणारा, आता दुकानात न मिळणारा. त्यातलं एक गाव आम्ही दोघांनी मिळून वसवलं होतं. चाळिशी लावूनही मला तो पडदा नीट दिसत नाही. त्याचं चित्र तारेशिवाय कॉम्प्युटरवर आणता आलं, तर शेजारी बसून खेळता येईल. पहिला अर्धा तास काय बोलायचं हा प्रश्नही सुटेल. मुलीशी बोलायला यंत्र लागावं हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण खरं आहे.

७ जानेवारी, मंगळवार

जमलं. सईसमोर धांदल नको म्हणून लिहून ठेवतो. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत. राउटरने कॉम्प्युटरला दिलेला पत्ता पाहायचा, आज शेवटचा आकडा ११ आहे. तो गेममधल्या प्रोग्रॅममध्ये टाकायचा. कॉम्प्युटरवर जोडीचा प्रोग्रॅम चालू असला की चित्र उमटतं.

आधी फार अडखळत होतं. चित्राचा दर्जा नव्वदवरून साठवर आणला. राउटर मालिनीताईंच्या घरात असल्यामुळे टेबल त्या बाजूच्या भिंतीला सरकवलं. आता बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदात चित्र हलतं. गेमच्या खालच्या पडद्यावर एक बारीक ओळ येते : पाहणारा : एक.

तो एक म्हणजे मीच.

८ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी वीज गेली, दहा मिनिटांनी आली. त्यानंतर कॉम्प्युटरवर नुसता काळोख. गेमवर मात्र 'जोडले आहे'. पाहणारा : एक.

फायरवॉल तपासली, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. तासाभराने चूक सापडली. वीज आल्यावर राउटरने सगळ्यांना नवे पत्ते वाटले होते. माझ्या कॉम्प्युटरला १४ मिळाला होता. मी चित्र अजून ११ ला पाठवत होतो, आणि ११ ते घेत होतं.

मालिनीताईंनी मोबाइलवर राउटरची यादी उघडली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी एकेक नाव वाचलं. त्यांचा टीव्ही, तळमजल्यावरच्या नवनाथचे दोन फोन, माझी यंत्रं. ११ पुढे नाव नव्हतं. असेल कुणाचं तरी, त्या म्हणाल्या, पण या वयात गेम खेळता होय, थांबा, जिन्यात सांगतेच सगळ्यांना.

पण चित्र उघडायला जोडीचा प्रोग्रॅम लागतो. तो कुणी मुद्दाम टाकल्याशिवाय येत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आकडा बदलायला एक मिनिट लागलं असतं. बदलला नाही.

कारण प्रामाणिकपणे लिहायला हवं. प्रयोगशाळेत दिवसभर मी बाटल्यांवरचे क्रमांक सोडून काही बोलत नाही. घरी आल्यावर गेम उघडला आणि ती ओळ दिसली, तेव्हा कुणीतरी वाट पाहत बसल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच्या यंत्रात आपलं चित्र ढकलणं चूक आहे, हे मला कळतं. तरी दोन तास खेळलो.

चित्राचा दर्जा पाहणाऱ्याच्या हातात असतो. मी साठ ठेवला होता. खेळता खेळता तो नव्वद झाला. पलीकडच्याला नीट पाहायचं होतं.

विहिरीजवळचं घर सईचं, असं मी मोठ्याने सांगितलं. रिकाम्या खोलीत.

११ जानेवारी, शनिवार

आज पाहणाऱ्याने कॅमेरा मागितला. गेमला दोन कॅमेरे आहेत, एक बाहेर पाहतो, एक खेळणाऱ्याकडे. पडद्यावर प्रश्न आला : कॅमेऱ्याचं चित्र पाठवायचं का, हो किंवा नाही.

मी हो दाबलं. मग खोलीभर फिरून सगळं दाखवलं. खिडक्या, पलंग, सईसाठी रिकामा केलेला कप्पा. ती कधी येणार, कुणाबरोबर येणार, मामा फाटकाशी सोडून पुढे जाणार, सगळं सांगितलं. शेवटी दुसरा कॅमेरा आपणहून लागला आणि माझा चेहरा घेत राहिला. मी हललो नाही. फोटो काढताना बसतो तसा बसून राहिलो, किती वेळ ते नोंदवलं नाही.

आता लाज वाटते आहे.

१३ जानेवारी, सोमवार

आकडा बदलून १४ केला. कॉम्प्युटरवर लगेच चित्र आलं. ते गेमचं नव्हतं.

एक खोली. भिंती रिकाम्या, मध्ये टेबल. खिडकी माझ्या खिडकीच्याच जागी, पण बाहेरची झाडं जवळ दिसत होती. एक मजला खालून दिसतील तशी. गेम माझ्या मांडीवर बंद होता.

खाली गेलो. माझ्याखालचा फ्लॅट चार. दाराला कुलूप, कुलपावर गंज. मालिनीताईंना विचारलं. तीन वर्षं बंद आहे, त्या म्हणाल्या. मालक इगतपुरीला असतो, फिरकत नाही, विजेचा मीटरसुद्धा काढून नेलाय. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, जेवता का नीट. त्यांना सगळं सांगावंसं वाटलं. नुसतं हो म्हणून वर आलो.

१५ जानेवारी, बुधवार

दुपारी सईसाठी पिवळे पडदे आणले. अजून पिशवीतच आहेत.

चित्रातल्या खोलीत ते लागलेले आहेत.

टेबल भिंतीला सरकवलेलं. पलंगही आला. खुर्चीवर पाठमोरं कुणीतरी. शर्ट माझा. माझा शर्ट माझ्या अंगावर आहे, मी दोनदा पाहिलं.

मला भास होत असतील का? तपासणीचा नियम असा की एका नमुन्यावर निष्कर्ष काढायचा नाही. म्हणून तीनदा बंद करून सुरू केलं. तीनदा तेच.

१६ जानेवारी, गुरुवार

स्नेहलला फोन केला. म्हटलं, या रविवारी नको, पुढच्या ठेवू.  ती म्हणाली, तीन वर्षं तूच मागे लागला होतास, पोरीने पिशवी भरून ठेवलीय, आता तिला सांगायचं काय. कारण विचारलं. मी सांगितलं असतं तर सई पुन्हा कधीच आली नसती.

ठीक आहे, येऊ दे, म्हणालो. स्नेहल पुन्हा तयार होईल की नाही, ही भीती माझ्यासाठी खालच्या खोलीपेक्षा मोठी ठरली. हे बरोबर केलं का —

१८ जानेवारी, शनिवार

गेमची बॅटरी काढली. गेम प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून आलो. कॉम्प्युटरमधलं सगळं पुसलं, वायर काढली. मालिनीताईंकडून राउटरचा पासवर्ड बदलून घेतला. आता काही नाही. उद्या साडेनऊपासून फाटकाशीच उभा राहीन. वर येऊ, जेवू, बोलू. नुसतं बोलू.

मालिनीताईंच्या यादीत ११ अजून आहे. आता त्याच्यापुढे नाव आलंय. शामसुंदर. माझं. मी दिलेलं नाही —

१९ जानेवारी, रविवार

साडेनऊपासून फाटकाशी होतो. वीस मिनिटं. कुणी नाही.

९.५० ला स्नेहलचा फोन. आवाज हसरा. सई पोहोचल्याचं तिने कळवलंय. दीपकने नऊलाच सोडलं, रस्ता मोकळा होता. मीच म्हणे खाली घ्यायला आलो, पिशवी उचलली. दीपक म्हणाला, भाऊजींना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. सई म्हणाली, बाबाने पिवळे पडदे लावलेत. थँक यू, स्नेहल म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

नऊ वाजता मी वर पोहे भिजवत होतो.

सईचा फोन लागत नाही.

१०.०५. फ्लॅट चारच्या पायऱ्यांवर. कुलूप तसंच, गंज तसाच. नवनाथ पहार आणायला गेलाय. मालिनीताई पोलिसांना फोन करताहेत. वेळा चुकू नयेत म्हणून लिहितोय — दार ठोकून हात —

आत गेमचं संगीत. सई हसते आहे. माझ्यापाशी ती अशी —

हाक मारली. संगीत थांबलं.

ती विचारते आहे, बाबा, बाहेर कोण आहे?

आतून माझाच आवाज. शांत. कुणी नाही गं, तू खेळ.

ती उठली. पावलं. दाराशी आली. दाराच्या फटीतून अगदी हळू विचारते आहे, तुम्ही कोण?

सई, मी —